हायपो सोडलं की पाण्यातले निमॅटोड मरतात का? (काकडी, कोकोपीट बॅग, ड्रेन रीसायकल)

ओतूरकर_२०गुंठे

राम राम मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडचण आलीय म्हणून लिहितोय. जुन्नर तालुक्यात माझं २० गुंठे पॉलीहाऊस आहे. आधी मातीचे बेड होते, लाल माती भरून ढोबळी आणि मग काकडी घ्यायचो, तिसऱ्या वर्षी निमॅटोडनी (मुळ्यांत घुसून गाठी करणारे सूक्ष्म कृमी) असं काही धरलं की औषधांच्या बाटल्या संपल्या पण मुळ्या काय सुधारल्या नाहीत. शेवटी दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून कोकोपीटच्या ग्रो बॅगवर गेलो, म्हटलं मातीच नाही तर निमॅटोड येणार कुठून. बेड सपाट केले, वरून वीड मॅट अंथरली, त्यावर बॅगा मांडल्या. पहिली दोन पिकं झकास निघाली, तिसरं जरा मध्यम.

आता चौथं पीक, लावून ५०-५५ दिवस झालेत. दुपारी बाराच्या पुढं मधल्या तीन ओळी माना टाकतात आणि संध्याकाळी परत उभ्या राहतात. ईसी (पाण्यातल्या खत-क्षारांचं माप), पीएच सगळं बरोबर येतंय. काल एक झाड उपटून बॅग फाडली तर मुळ्यांवर गाठीच गाठी, काही मोहरीएवढ्या, काही शेंगदाण्याएवढ्या. घरच्यांना दाखवायची पण इच्छा झाली नाही.

पाणी विहिरीचं आहे. विहीर रानाच्या खालच्या अंगाला, पावसाळ्यात शेजारच्या टोमॅटोतलं पाणी तिच्यात उतरतं त्यामुळं माझा सगळा संशय विहिरीवर आहे. ड्रेनचं (बॅगांतून निथळलेलं खताचं) पाणी ५००० लिटरच्या टाकीत गोळा करतो, सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टरमधून काढून ताज्या पाण्यात मिसळून परत सोडतो, खतांचे भाव बघता ड्रेन फेकून देणं जिवावर येतं. दुकानदार म्हणाला सोडियम हायपो (हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण) ५ पीपीएम चालू ठेवा, पाण्यातलं सगळं मरतं. दोन कॅन आणून ठेवलेत. डोस किती, रोज सोडायचं का आठवड्यातून, आणि चालू पिकात सोडलं तर चालेल का? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

---

लेट्यूसवाला_मुळशी

स्वतः वापरलंय म्हणून सांगतो, चालू पिकाच्या खताच्या टाकीत हायपो टाकू नका. माझं एनएफटी (मुळ्यांखालून खताचं पाणी पातळ धारेनं फिरवतात ती पद्धत) लेट्यूस आहे, मागच्या उन्हाळ्यात पायथियमच्या (मूळकूज करणारी बुरशी) भीतीनं सरळ रिझर्व्हायरमध्ये हायपो ओतलं, फार नाही, हिशोबानं ५ पीपीएमच बसत होतं. दोन दिवसांनी मुळ्या चहाच्या रंगाच्या झाल्या, पांढरं मूळ शोधून सापडेना, आणि आठवडाभरात १२०० रोपं काढून टाकली.

नंतर कळलं की माझ्या खतात अमोनियम होतं. क्लोरीन आणि अमोनियम एकत्र आले की क्लोरामाइन होतं, ते लवकर उडून जात नाही, मुळांना चिकटून त्रास देत राहतं आणि जंतू मारायच्या बाबतीत साध्या क्लोरीनपेक्षा कितीतरी मवाळ. म्हणजे रोगाला सौम्य आणि पिकाला जहाल, उलटा कारभार.

निमॅटोडचा मला अनुभव नाही, लेट्यूस ३०-३५ दिवसात निघून जातं त्यामुळं गाठी वाढायला वेळच मिळत नाही बहुतेक.

---

जलसुरक्षक_माण

मी शेतकरी कमी आणि ग्रामपंचायतीचा पाणीवाला जास्त, रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कालवतो. डोसचा हिशोब सोपा आहे, पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम. ५००० लिटरला ५ पीपीएम म्हणजे २५ ग्रॅम क्लोरीन लागलं. टीसीएल चांगली ताजी असेल तर ३३ टक्के धरतात, म्हणजे ७५ ग्रॅम. हायपो १० टक्क्याचं असेल तर पाव लिटर. पण हे सगळं कागदावर हां. कॅन उन्हात पडला असेल किंवा टीसीएलचं पोतं तोंड उघडं राहिलं असेल तर त्यात निम्मं तरी उरलंय का याची खात्री नाही. आमच्याकडं पोतं फोडलं की पहिला वास घेतात, नाकाला झोंबलं नाही तर समजायचं चुन्याची पावडर घेतलीय.

आणि टाकलेलं किती याला अर्थ नाही, उरलेलं किती ते बघा. आम्ही नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट (थेंब टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरीन बघायची) घेतो, टाकीपाशी नाही. तुम्ही शेवटच्या ड्रिपरचं पाणी घेऊन बघा, पिवळं आलंच नाही तर क्लोरीन वाटेतच खल्लास झालंय. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, ओटीचा थेंब टाकल्या टाकल्या जो पिवळा रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा, चार-पाच मिनिटं थांबून हळूहळू गडद होत गेला तर ते वर मुळशीकरांनी सांगितलं ते क्लोरामाइन. फक्त मोकळं क्लोरीन मोजायचं तर डीपीडीच्या गोळ्या मिळतात, त्या बऱ्या.

एक किस्सा सांगतो, आमच्या गावात एकानं कुणीतरी सांगितलं म्हणून "हायपो द्या" असं मासे-ॲक्वेरियमच्या दुकानात मागितलं. त्यांनी खड्यासारखी पांढरी पुडी दिली, त्यानं ती टाकीत टाकली आणि आठवडाभर मला फोन करून विचारतोय की ओटी पिवळी का येत नाही. ते फोटोवाल्यांचं हायपो, सोडियम थायोसल्फेट, ते क्लोरीन मारायलाच वापरतात! नाव एक, काम उलटं. तेव्हा दुकानात पूर्ण नाव घ्या.

---

मुळं_बघणारी

ओतूरकर दादा, मी राहुरीला एमएस्सी करताना दोन वर्षं फक्त गाठी मोजल्यात त्यामुळं जरा लांबण लावते, कंटाळा आला तर शेवटचं तेवढं वाचा.

आधी एक गोष्ट सांगते म्हणजे हायपो आणि निमॅटोडचं नातं कळेल. लॅबमध्ये आम्हाला प्रयोगासाठी निमॅटोडची जिवंत अंडी लागायची, हजारोंनी. ती काढायची रीत अशी: टोमॅटोच्या गाठीवाल्या मुळ्या धुऊन बोटाच्या पेराएवढ्या कापायच्या, बाटलीत टाकायच्या, वरून अर्धा टक्का हायपो ओतायचं आणि झाकण लावून तीन-चार मिनिटं हातानं जोरजोरात हलवायचं. अंडी ज्या चिकट जेलीत असतात ती जेली हायपोमध्ये विरघळते आणि अंडी सुटी होतात. मग वर ७५ मायक्रॉनची चाळण, खाली २५ ची, मुळांचा चोथा वर राहतो आणि अंडी खालच्या चाळणीवर, ती पटापट साध्या पाण्यानं धुवायची. हीच अंडी आम्ही कुंडीत टाकायचो आणि महिनाभरात मुळ्या गाठींनी भरायच्या. ही पद्धत अमेरिकेतल्या हसी आणि बार्कर या दोघांनी १९७३ साली छापली आणि आजही जगभरच्या लॅबमध्ये तीच चालते.

आता अर्धा टक्का म्हणजे किती? ५००० पीपीएम. दुकानदार सांगतोय त्याच्या हजार पट. आणि त्यातून काढलेली अंडी फुटतात. आता खरं सांगायचं तर धुवायला उशीर झाला की अंडी खराब होतात, म्हणून तर आमची घाई चालायची, तेव्हा हायपो त्यांना काहीच करत नाही असं नाही. पण ५ पीपीएमनं अंडी मरतील ही आशा सोडा. अंड्याच्या कवचात कायटिनचा थर आहे आणि आत चरबीचा, क्लोरीन सहजासहजी आत जात नाही.

अंड्यातून निघालेलं पिल्लू, ज्याला आम्ही जे-टू म्हणतो, तेच मुळात घुसतं. ते जरा नाजूक. लांबी साधारण अर्धा मिलिमीटरला थोडी कमी आणि जाडी १५ मायक्रॉनच्या आसपास. तुमचा डिस्क फिल्टर १२० मेशचा असेल तर त्याची फट १३० मायक्रॉन, म्हणजे गावच्या वेशीतून मुंगी जावी तसं ते जातं. त्याला क्लोरीननं मारता येतं पण त्याला डोसही मोठा लागतो आणि वेळही, वाहत्या पाइपात दोन मिनिटं भेट झाली एवढ्यानं भागत नाही. शिवाय क्लोरीनच्या पाण्यात ते सुतासारखं सरळ, निपचित पडतं, आपल्याला वाटतं मेलं. म्हणून आम्ही ते साध्या पाण्यात धुऊन २४ तासांनी परत बघायचो, बरेच पठ्ठे परत वळवळायला लागलेले असायचे.

मग ५ पीपीएम, २ पीपीएम हे आकडे येतात कुठून? ते बहुतेक फायटोफ्थोरा या मुळं कुजवणाऱ्या बुरशीचे आहेत. त्याचे पोहणारे बीजाणू २ पीपीएम मोकळ्या क्लोरीननं खरंच मरतात, नर्सरीच्या पाण्यावर त्याचा नीट अभ्यास झालेला आहे. बुरशीचा आकडा लोकांनी उचलून किड्याला लावला, एवढंच.

आणि सगळ्यात मोठी अडचण ही की तुमचे निमॅटोड आता पाण्यात नाहीतच, मुळाच्या आत आहेत. मादी गाठीत बसलेली, तिच्या मागं जेलीच्या गोळ्यात तीन-चारशे अंडी. तिथपर्यंत क्लोरीन पोचायचं तर आधी अख्खं कोकोपीट पार करायला हवं आणि कोकोपीट म्हणजे सेंद्रिय पदार्थ, क्लोरीन पहिल्या बोटभर थरातच संपून जातं. पॉलीहाऊसच्या उबेत एक पिढी महिन्याभरात उरकते, काकडीच्या एका पिकात तीन-चार पिढ्या. ५०-५५ दिवसांत शेंगदाण्याएवढ्या गाठी दिसतायत म्हणजे सुरुवात लागणीच्या वेळचीच.

तेव्हा चालू पिकात हायपो नको. आधी ते येतात कुठून ते शोधा. तीन कुंड्या घ्या, तिन्हीत एकाच विटेचं नवं कोकोपीट उकळत्या पाण्यात भिजवून, गार करून भरा. टोमॅटोचं साधं बी टाका, निमॅटोडला दाद न देणारं वाण नको. एकीला फक्त विहिरीचं पाणी, दुसरीला ड्रेन टाकीतलं, तिसरीला उकळून गार केलेलं. कुंड्या जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा, आणि एकीचं पाणी दुसरीत उडू देऊ नका. ३५-४० दिवसांनी मुळ्या धुऊन बघा. मायक्रोस्कोप लागत नाही, डोळ्याला दिसतं.

---

कृषीसेवा_नगरजिल्हा

मी दुकानदार आहे, तुमच्या गावचा नाही पण हायपो विकतो. ताई म्हणतात ते बरोबर असेल पण सगळा दोष दुकानदाराच्या माथी नको. आम्ही हायपो देतो ते ड्रिपमधला शेवाळ आणि चिकटा काढायला, त्याला १०-२० पीपीएम अर्धा-एक तास चालवून लॅटरल फ्लश केलं की ड्रिपर मोकळे होतात, वर्षानुवर्षं लोक करतात. शेतकरी येऊन म्हणतो पाण्यात किडे आहेत काहीतरी द्या, मग आम्ही काय देणार. आणि बरेच द्राक्षवाले हायपो सोडल्यावर निमॅटोड कमी झाले असं येऊन सांगतात, ते काय खोटं बोलतात का?

---

मुळं_बघणारी

खोटं नाही बोलत दादा, पण त्यांनी बहुतेक त्याच महिन्यात फ्लुओपायरम किंवा फ्लुएनसल्फोन हे निमॅटोडचं औषधही दिलेलं असतं आणि निंबोळी पेंडही टाकलेली असते, मग श्रेय कुणाला द्यायचं? नाहीतर ड्रिपर मोकळे झाल्यानं झाडाला पाणी नीट मिळायला लागतं आणि झाड टवटवीत होतं, गाठी तशाच असतात. मुळी उपटून मोजल्याशिवाय काही कळत नाही. ड्रिप साफ करायला हायपो चांगलंच आहे, त्यावर वाद नाही.

जलसुरक्षक दादा, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, पिण्याच्या पाण्यातही निमॅटोड निघतात, पिकाचे नाही, मोकाट राहणारे, माणसाला त्रास न देणारे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत यावर काम झालं तेव्हा दिसलं की हे किडे क्लोरीन लावलेल्या पाण्यातूनही निभावतात आणि त्यांनी गिळलेले जंतू पोटात सुरक्षित राहतात. म्हणजे पिढ्यानपिढ्या पाणीवाल्यांनाही क्लोरीननं हे जमलेलं नाही.

---

जलसुरक्षक_माण

अरे देवा, आता रात्री तांब्यात बघून पाणी प्यावं लागणार 😄

---

वेस्टलँडचा_मराठी

मी मूळ सांगलीचा, सध्या नेदरलँड्समध्ये वेस्टलँड भागात एका ग्रीनहाऊसमध्ये कामाला आहे. इथं ड्रेनचं पाणी बाहेर सोडायला कडक नियम आहेत त्यामुळं ते फिरवणं भाग आहे, आणि म्हणून ते साफ करण्यावर इथल्या लोकांनी डोकंही बरंच लावलंय. जुना खात्रीचा उपाय म्हणजे तापवणं, ९५ अंश ३० सेकंद, त्यात व्हायरससकट सगळं जातं. निमॅटोडला तर एवढं तापमान लागतही नाही पण एकदा यंत्र घेतलं की सगळ्यासाठीच चालवतात. आता बरेच जण यूव्हीवर (अतिनील किरणांवर) आहेत. संथ वाळूचा फिल्टर बुरशीला चांगला, निमॅटोडला पूर्ण भरवशाचा नाही. निमॅटोडचा त्रास इथं अँथुरियमवाल्यांना जास्त, त्यांचा किडा वेगळा, रॅडोफोलस, जो केळीलाही लागतो.

क्लोरीन इथं लोक घाबरत वापरतात, त्याला आणखी एक कारण आहे जे कुणी लिहिलं नाही. हायपो जुनं झालं, गरम जागेत राहिलं की त्यात क्लोरेट तयार होतं. क्लोरेट एकेकाळी तणनाशक म्हणून विकायचे, यावरून समजा. झाड ते पाण्याबरोबर घेतं आणि ते फळात, पानात सापडतं. युरोपियन युनियननं २०२० मध्ये भाजी-फळांतल्या क्लोरेटच्या मर्यादा ठरवून दिल्यात. तुमची काकडी लोकल मार्केटला जात असेल तर एवढं नाही, पण एक्स्पोर्टची द्राक्षं, डाळिंब करणाऱ्यांनी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला हायपोचा कॅन चालू पिकात ओतू नये.

पीएचचंही बघा. क्लोरीनचं मारणारं रूप म्हणजे हायपोक्लोरस ॲसिड, साडेसहा पीएचला साधारण ९० टक्के क्लोरीन त्या रूपात असतं, साडेसातला निम्मं आणि साडेआठला जेमतेम १० टक्के. आपल्याकडं विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी आठच्या पुढं असतं. म्हणजे टाकायचं १०० आणि कामाला १०. आणि आता कुणी म्हणेल मग ॲसिड टाकून पीएच उतरवू, तर ॲसिड आणि हायपो किंवा टीसीएल एका बादलीत कधीच एकत्र करू नका, क्लोरीनचा गॅस सुटतो, बंद पॉलीहाऊसमध्ये तर माणूस जाऊ शकतो. पाण्याचा पीएच आधी उतरवायचा, ते पूर्ण मिसळू द्यायचं, मग वेगळ्या जागेवरून पातळ केलेलं हायपो. टीसीएलचं पोतं युरिया, अमोनियम सल्फेटच्या पोत्यांशेजारी पण ठेवू नका.

खताच्या पाण्यात अमोनियम असेल तर आणखी गंमत. १ पीपीएम अमोनियम नायट्रोजन पुरतं संपवायला ८ ते १० पीपीएम क्लोरीन लागतं, त्यानंतर जे उरेल ते मोकळं. टाकीत १० पीपीएम अमोनियम असलं तर ८०-१०० पीपीएम नुसतं तिथंच खर्ची. वर लोहाचं चिलेटही (झाडाला लोह मिळावं म्हणून खतात असतं ते) क्लोरीन मोडून टाकतं, मग शेंडे पिवळे पडले की लोक म्हणतात निमॅटोड वाढले. शिवाय हायपोतलं सोडियम फिरत्या पाण्यात साठत जातं, काकडीला ते नको असतं.

ओतूरकर भाऊ, एक विचारायचं राहिलं. तुमच्या बॅगांची ड्रेनची भोकं कुठं आहेत, बाजूला की तळाला? आणि बॅग ट्रेमध्ये आहे का थेट वीड मॅटवर? एखादी बॅग उचलून खाली बघितलंय का कधी?

---

ओतूरकर_२०गुंठे

सगळ्यांचे आभार. ताईंनी सांगितल्या तशा कुंड्या केल्यात, कालच बी टाकलं. हायपो थांबवलंय, ड्रेन पण बंद केलंय सध्या, दुसरीकडं चाऱ्याच्या रानात सोडतोय.

वेस्टलँडवाले भाऊ, ड्रेनचे चिरे तळाच्या कडेला आहेत, बॅगा थेट मॅटवर पण दर दोन ओळींना पन्हाळी आहे. उचलून नाही बघितलं, बॅग पाण्यानं जड असते आणि झाड वर दोरीला बांधलेलं, हलवलं की तुटतं. पण मॅट नवी आहे, तिच्यातून काय जाणार?

विहिरीचं खात्रीनं निघालं तर काय करायचं ते पण सांगून ठेवा.

---

मुळं_बघणारी

विहिरीचं निघालं तर सगळ्यात सोपं म्हणजे पाणी बदलणं. खोल बोअरच्या पाण्यात पिकाचे निमॅटोड सहसा नसतात, ते वरून रानातून वाहून येणाऱ्या पाण्यात असतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कॅनॉलच्या पाण्यात ते भरपूर निघतात हे १९६६ मध्ये छापून आलंय, एका शेतातलं वाहून आलेलं पाणी पुढच्या शेताला, असंच. तिथं निवळण्याचे तलाव केल्यावर फरक पडला, कारण हे किडे पोहण्यात कच्चे, पाणी स्थिर राहिलं की तळाला बसतात. तेव्हा विहिरीतून थेट न घेता शेततळ्यात निवळू द्या आणि फूटव्हॉल्व्ह तळात न सोडता ड्रमला बांधून वरचं पाणी ओढा. शेततळ्याचा तळ ढवळला की केलेलं पाण्यात.

नाहीतर पॉलीहाऊसच्या छताचं पाणी धरा. २० गुंठे म्हणजे २००० चौरस मीटरच्या वर, ७०० मिमी पाऊस धरला तर चौदा लाख लिटर फुकटचं आणि ईसी जवळजवळ शून्य.

क्लोरीन वापरायचंच तर रिकाम्या सिस्टिममध्ये वापरा. पीक निघालं, बॅगा बाहेर गेल्या, मग टाकी, पन्हाळी, पाइप, ट्रे आधी घासून चिखल-शेवाळ-मुळांचे धागे काढायचे आणि मग मोठा डोस भरून तासन् तास ठेवायचा, पूर्ण धुऊन काढायचा. घाण न काढता नुसतं क्लोरीन ओतलं तर ते घाणीलाच खर्ची पडतं. हातमोजे, चष्मा लावून आणि पडदे उघडे ठेवून. जुन्या कोकोपीटला मात्र क्लोरीन नको, त्याला उष्णता. ओल्या कोकोपीटला आतपर्यंत ६० अंश अर्धा तास मिळालं की निमॅटोड राहत नाहीत, वाफेनं करता आलं तर उत्तम, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ थर देऊन बरेच आठवडे, मधे हलवून.

---

ओतूरकर_२०गुंठे (४३ दिवसांनी)

निकाल सांगायला आलो. आज सकाळी तिन्ही कुंड्या बादलीत बुडवून मुळ्या धुतल्या, बायको आणि पोरगं पण बघायला होतं. उकळलेल्या पाण्याची मुळी पांढरी स्वच्छ. विहिरीची पण स्वच्छ, दोनदा बघितली, भिंगानं बघितली, एक गाठ नाही. आणि ड्रेनच्या कुंडीत मोजून २६ गाठी.

मी तर डोकं धरून बसलो, इतके दिवस विहिरीला शिव्या घालत होतो. मग वेस्टलँडवाल्या भावाचा प्रश्न आठवला. पीक तसंही गेल्यात जमा होतं म्हणून माना टाकणाऱ्या ओळीतली एक बॅग गड्याला धरायला लावून उचलली, तर ती उचलेचना, खाली चिकटल्यासारखी. जोर लावला तर चर्रकन आवाज आला. उलटी करून बघितलं तर चिऱ्यातून मुळ्यांचा जुडगा बाहेर, मॅटच्या विणीतून आरपार खाली गेलेला, खाली तीच जुनी लाल माती. मॅट कापून मातीतलं मूळ ओढलं तर ते बॅगेतल्यापेक्षा जास्त गाठाळलेलं. चांगल्या ओळीतल्या चार बॅगा उचलल्या, त्या अलगद उचलल्या गेल्या, तिथं जमिनीला उतार बरा आहे आणि खाली पाणी साचत नाही.

म्हणजे मीच जुन्या मातीवर बॅगा मांडल्या आणि तिथून वर आलेलं ड्रेनमधून सगळ्या शेडला वाटलं.

---

मुळं_बघणारी

दादा, एका कुंडीवरून विहीर निर्दोष म्हणू नका, पावसाळ्यात पाणी उतरतं तेव्हा परत चार-पाच कुंड्या लावा. पण बॅगेखालचं मूळ हा पुरावा पक्का आहे. मॅटमधून पाणी जातं म्हणजे मूळही जातं, ती तणासाठी आहे. पुढच्या पिकाला बॅगा उचलून ट्रेवर किंवा स्टँडवर, खाली जाड अखंड प्लास्टिक, आणि चिरे जमिनीला टेकणार नाहीत असे बाजूला. गाठीवाल्या मुळ्या बांधावर टाकू नका, जाळा.

---

वेस्टलँडचा_मराठी

फोटो टाका जमलं तर, इथं मॅनेजरला दाखवतो. आणि ड्रेन फिरवायचं झालं तर बॅगा वर उचलल्यानंतरच.

---

ओतूरकर_२०गुंठे

फोटो रात्री टाकतो, नेट नाही शेडवर. स्टँडचं कोटेशन मागवलंय, २० गुंठ्याचं ऐकून घाम फुटला, निम्म्या शेडचं आधी करतो आणि उरलेल्यात यंदा झेंडू घेईन मातीतच. हायपोच्या दोन कॅनचं काय करू विचारणार होतो पण ताईंनी सांगितलंयच, एक टाकी-पन्हाळी धुवायला ठेवला आणि दुसरा दुकानदार परत घेतो म्हणाला, सील फोडलं नव्हतं.

---

जलसुरक्षक_माण

घेतला परत तर तारीख बघून पुढच्याला सांगा, पत्र्याच्या शेडमध्ये ४३ दिवस तापलेलं हायपो आहे ते.